परीक्षेच्या दिवसांतली बेटं

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस आले की आमची सोसायटी कुजबुजत बोलायला लागते. चौथ्या मजल्यावर बारावी, दुसऱ्यावर दहावी, आणि संध्याकाळी गच्चीवर पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालणारी पोरं कुठल्या घरातली हे मलाही धड सांगता येत नाही. क्रिकेट खेळणाऱ्या लहानग्यांना वॉचमन मागच्या बाजूला पिटाळतो. कोपरच्या आमच्या गल्लीत या दिवसांत झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास असतो. मी डोंबिवलीत एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. या महिन्यात माझ्यासमोरच्या खुर्चीत पोरं येऊन बसतात, डोकं दुखतं म्हणतात, आणि निम्म्यांना नंबर नसतोच. त्यांना झोप हवी असते. मी त्यांच्या आयांना तसं सांगते. आया म्हणतात, तरीपण एक चष्मा देऊनच टाका.

सगळ्यांना हे दिवस कोंडल्यासारखे वाटतात, माझे मात्र याच दिवसांत पाय शिवशिवायला लागतात. कारण परीक्षेच्या दिवसांत बेटं रिकामी असतात. शाळकरी मुलांची कुटुंबं घरात बसलेली, थंडीतली हनीमूनची गर्दी ओसरलेली, मे महिन्याची अजून उसळलेली नाही. बोटीत हवी ती जागा मिळते. किनाऱ्यावर आपल्याच पावलांचे ठसे परत येताना आपल्याला भेटतात. हा शोध आम्हाला लग्नाच्या पहिल्याच वर्षी लागला, आणि त्या वर्षीचे ते तीन महिने अजून माझ्या मनात एखाद्या वेगळ्या ऋतूसारखे आहेत. त्याला पंचांगात नाव नाही.

आठ वर्षं झाली. डिसेंबरात आमचं लग्न झालेलं. माझं माहेर खडवलीचं, बौद्ध घर, वडील रेल्वेत ट्रॅकवर काम करायचे. निलेश दिव्याचा, मूळ कणकवलीकडचा. लग्न आमच्या पद्धतीनं, बुद्धवंदना घेऊन झालं आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे सत्यनारायण. दोन्हीकडच्या दोन-चार जणांनी नाकं मुरडली, पण जेवायला मात्र दोन्हीकडे थांबले.

तेव्हाचं आमचं दिव्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात निलेश, मी आणि सासूबाई. त्यांना मी पहिल्या दिवसापासून आईच म्हणते. निलेश लिफ्टचा टेक्निशियन. दिवसभर ठाण्यातल्या वीस-बावीस मजल्यांच्या टॉवरमधल्या लिफ्ट चालू करायच्या, आणि घरी आलं की पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन तीन मजले चढायचे, कारण आमच्या बिल्डिंगला लिफ्टच नव्हती. नळाला पाणी दिवसाआड, तेही अर्धा तास. पाणी आलं की अख्ख्या बिल्डिंगमध्ये भांड्यांचा एकच आवाज उठायचा. मी नदीकाठची. भातसा आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मला पाणी मोजून वापरायची सवयच नव्हती. आईंनी पहिल्या आठवड्यात मला दोन तांब्यांत तोंड, हात, पाय कसे धुवायचे ते दाखवलं, न रागावता, एखादी पाककृती सांगावी तसं.

भिंतीवर एका मुलाचा फोटो होता. शाळेचा गणवेश, चापून बसवलेले केस. “माझा मोठा भाऊ, महेश. लहानपणी तापानं गेला,” असं निलेशनं लग्नाआधीच सांगितलेलं. आईही तेच सांगायच्या. मी पुढे काही विचारलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल घरात जेवढं सांगतात तेवढं ऐकून घ्यावं, असं मला वाटायचं.

बेटांचं वेड सुरू झालं ते एका रविवारी. ठाण्यात खाडीकाठच्या एका टॉवरची लिफ्ट बंद पडली आणि निलेशला फोन आला. घरात तिघांनी तीन कोपरे धरून बसण्यापेक्षा मीही त्याच्यासोबत निघाले. तिथं पहिल्यांदा मी त्याला काम करताना पाहिलं. लिफ्टच्या टपावर उभा राहून, खाली बावीस मजल्यांचा अंधार, आणि हा शीळ घालत दोरांना ग्रीस लावतोय. त्यानं वर बघून विचारलं, “डबा कुठं खायचा?”

डबा आम्ही गच्चीवर, मशीन रूमच्या सावलीत खाल्ला. समोर खाडी वळण घेत पसरलेली, आणि तिच्या पोटात एक लांबट हिरवा तुकडा, चारही बाजूंनी पाणी.

“बेट आहे ते,” निलेश म्हणाला.

“जाऊया?”

“तिथं काय आहे?”

“ते गेल्याशिवाय कसं कळणार?”

पुढच्याच रविवारी मी होडीवाला शोधून काढला. खाडीकाठच्या गावातले एक म्हातारे आगरी काका. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्याला रुमाल. निलेश काठावर बराच वेळ बुटाची लेस बांधत बसला. मग होडीत आला तो थेट मधल्या फळीवर, आणि दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. काकांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. ते म्हणाले, “जावय, माजी होरी नाय बुराची.” मी खळखळून हसले. निलेशही हसला, पण फळी त्यानं सोडली नाही.

बेटावर काहीच नव्हतं. खारफुटी, चिखल, खेकड्यांची बिळं, एक तुटकी प्लास्टिकची खुर्ची, आणि बगळे. खुर्ची इथं कशी आली यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. मी चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले, निलेशनं मला बाहेर ओढलं, त्यात माझी एक चप्पल आतच राहिली. परत येताना दिवा स्टेशनवर मी एका पायात चप्पल घालून उतरले तेव्हा मला वाटलं, जग जिंकलं आपण. घरी आईंनी पायांकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, “खय गेलेलात?” मी सांगितलं, खाडीत, होडीनं. त्या भाकरी थापत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी दोघांना न विचारता आंघोळीला एक बादली जास्त काढून दिली. मला तो कौतुकाचा भाग वाटला.

दुसरं बेट निलेशनं निवडलं. अलिबागचा कुलाबा किल्ला. “ओहोटीला चालत जाता येतं,” तो मोठ्या उत्साहानं म्हणाला. मी म्हटलं, मुंबईहून लाँचनं जाऊ, मजा येईल. तो म्हणाला, लाँच नको, पनवेलवरून एसटीनं जाऊ, एसटीत झोप लागते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझं कामच मुळी लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही ते तपासायचं, पण घरच्या माणसाच्या बाबतीत मी खुशाल डोळे मिटून होते.

ओल्या वाळूवरून आम्ही चालत किल्ल्यात गेलेलो. आत गोड्या पाण्याची विहीर बघितली, तटावर बसून कोकम सरबत प्यायलो, आणि गप्पांत इतके रमलो की भरती सुरू झालेली कळलंच नाही. खाली आलो तर मघाची वाळू गायब. गुडघाभर पाणी, कुठं त्याहून थोडं जास्त. माणसं अजून चालत पलीकडे जात होती, घोडागाड्याही ये-जा करत होत्या. मी सलवार वर खोचली आणि पाण्यात शिरले.

“ये ना रे.”

“तू हो पुढे. मी गाडीनं येतो.”

“अरे, गुडघाभर तर आहे.”

“बूट भिजतील.”

तर वरात अशी निघाली: निलेश घोडागाडीत आमच्या दोघांच्या बॅगा मांडीवर घेऊन ताठ बसलेला, आणि मी गाडीच्या बाजूनं पाणी तुडवत चाललेली. गाडीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई चालतायत आणि सायेब गाडीत. नवीन जोडी दिसते.” मी त्यावर निलेशला परतीच्या सगळ्या प्रवासात चिडवलं. एसटीत, पनवेलला, स्टेशनवर. तो हसत होता. त्याच्या बुटांना पाणी लागलेलं नव्हतं, मोजे कोरडे होते, आणि तरी त्याचा हात बर्फासारखा गार होता. माझ्या हातात होता तो, म्हणून मला माहीत आहे.

मग अंदमान. ते माझं शाळेपासूनचं खूळ. निलेशनं ते लक्षात ठेवलेलं आणि मार्चमधली तिकिटं मला न सांगता काढली. दुकानातल्या माझ्या सरांनी कपाळाला हात लावला, कारण परीक्षेच्या दिवसांत पोरांची रांग लागलेली असते, पण सोडलं. आईंनी आम्हाला तिळाचे लाडू बांधून दिले आणि निलेशच्या पाठीवरून हात फिरवला, तो पाच वर्षांचा असल्यासारखा.

पोर्ट ब्लेअरहून बोटीनं आम्ही नील बेटावर गेलो. बोटीत निलेश आतल्या खुर्चीवर डोळे मिटून बसला, मी मात्र काचेला नाक लावून. नील म्हणजे एक हिरवं, सपाट गाव. केळी, सुपारी, भाजीचे वाफे, आणि रस्ता संपला की एकदम निळं पाणी. आम्ही भाड्यानं दोन सायकली घेतल्या. राहायला बांबूची झोपडी, मालकीण एक बंगाली बाई, सगळे तिला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. सकाळी ती रव्याचा शिरा आणि वाफाळता चहा आणून ठेवायची. आमच्याशिवाय तिच्याकडे कोणी पाहुणे नव्हते. “मार्च में सब का बच्चा लोग का परीक्षा,” ती म्हणाली.

दोन दिवस आम्ही सायकलवरून बेट पिंजून काढलं. निलेश तर सुटलाच होता. हात सोडून सायकल चालवायचा, रस्त्यातल्या अनोळखी माणसांशी गप्पा मारायचा, बौदीचा बंद पडलेला मिक्सर त्यानं दुरुस्त करून दिला. मी पाण्यात उतरले की तो काठावर बॅग आणि कपडे सांभाळत बसायचा. मला ते सोयीचंच होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला मी पाण्यात घालायचा चष्मा आणि श्वासाची नळी लावून झोपडीमागच्या किनाऱ्यावरून आत गेले. पाण्याखाली जे दिसलं ते अजून कधीकधी डोळे तपासताना, अंधाऱ्या खोलीत, मला आठवतं. पोपटी, पिवळे, काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या बोटांजवळून जात होते आणि त्यांना माझी काडीचीही पर्वा नव्हती. मी पुढे पुढे गेले. मला पोहता येतं, उत्तम येतं, मी भातसेत वाढलेय, हा माझा तोरा. डोकं वर काढलं तर किनारा सरकलेला. म्हणजे मी सरकलेले. पाण्याला बाजूनं ओढ होती आणि ती मला खडकांच्या टोकापलीकडे घेऊन आलेली. घाबरले नाही मी. नदीनं शिकवलंय, ओढीशी भांडायचं नाही, तिरकं कापत काठाकडे जायचं. तसंच केलं, आणि दमून एका अनोळखी किनाऱ्यावर लागले. मधे खडक असल्यामुळे मागे यायला माडांच्या वाडीतून लांबचा वळसा. अनवाणी, काट्यांतून. अर्धा-पाऊण तास लागला असेल. वाटेत मी आरामात एका शहाळेवाल्याशी दोन शब्दही बोलले. त्या दोन शब्दांची मला पुढे फार लाज वाटली.

आमच्या किनाऱ्यावर आले तेव्हा आधी मला बॅग दिसली, उघडी, वाळूत आडवी पडलेली. मग निलेश. तो पाण्यात होता. छातीपर्यंत, अंगात शर्ट, पायात बूट. प्रत्येक लाट त्याला मागे ढकलत होती आणि तो परत पुढे जात होता. बौदी काठावरून ओरडत होती, तिचा नवरा दोरी घेऊन पाण्यात शिरत होता. निलेश हाका मारत होता, आवाज फाटलेला. मी धावत गेले तेव्हा मला हाका नीट ऐकू आल्या. तो माझं नाव घेत नव्हता.

“मह्या,” तो ओरडत होता. “मह्या, ये ना रे. मह्या.”

मी पाण्यात शिरून त्याला मागून धरलं. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं ते मला न ओळखता. मग ओळखलं. बौदीचा नवरा आणि मी, आम्ही दोघांनी त्याला बाहेर आणलं. वाळूत बसल्यावर त्याला उलटी झाली. बौदी त्याच्या पाठीवर टॉवेल टाकत मला म्हणाली, “दादा को तैरना नहीं आता. फिर भी गया.” तिच्या आवाजात राग होता आणि तो माझ्यावर होता. बरोबरच होता.

ऊन उतरल्यावर झोपडीच्या पायरीवर बसून त्यानं मला सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

महेशची सातवीची वार्षिक परीक्षा संपली त्या दिवसाची गोष्ट. महेश तेरा वर्षांचा, निलेश नऊचा. दिव्यालाच, डोंगराच्या बाजूला जुनी दगडाची खाण होती, वर्षानुवर्षांचं पाणी साठलेली. शेवटचा पेपर झाला की मोठी मुलं तिथं पोहायला जायची. निलेश मागे लागला म्हणून महेशनं त्यालाही नेलं. काठावर बसवलं, स्वतःचा गणवेश काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, कपडे धर, भिजवू नको, आई ओरडेल.

“मी धरून बसलो,” निलेश म्हणाला. “त्यानं उडी मारली, वर आला, हसला, परत मारली. मग आला नाही. मला वाटलं, मस्करी करतोय. मी हाका मारत होतो, पण उठलो नाही गं. कपडे भिजू नयेत म्हणून मी उठलो नाही.”

“नऊ वर्षांचा होतास तू.”

“बाकीची पोरं पळाली. मी बसलेलो. माणसं आली तेव्हाही कपडे माझ्या हातात होते. एक सुरकुती नव्हती.”

समोर पाणी मागे हटत होतं, खडक एकेक करून उघडे पडत होते. मी त्याचा हात धरला.

“मग ताप?”

“आई सगळ्यांना ताप सांगते. गावी तेच सांगितलं, इथं नवीन शेजारी आले त्यांना तेच. आमच्या घरात खाणीचं नाव कोणी काढत नाही. मला कळतं ना ती का सांगते. खरं सांगितलं तर मग मी काय करत होतो तेही सांगावं लागेल. तिला माझी लाज वाटत असणार.”

एवढा बावीस मजल्यांच्या अंधारावर शीळ घालत उभा राहणारा माणूस. मी त्याला होडीत हसले होते, अलिबागपासून दिव्यापर्यंत चिडवलं होतं. मी माफी मागितली. तो म्हणाला, “तुला काय माहीत.” मग म्हणाला, “आज उठलो पण.”

धाडसाबद्दलचं माझं मत त्या पायरीवर बदललं. तोवर मला वाटायचं, जे मी करते ते धाडस: उडी मारणं, पुढे जाणं, काय होतंय बघूया म्हणणं. त्यात माझं काहीच खर्ची पडत नव्हतं. मला पाणी आवडतं, मी पाण्यात जाते, यात कसलं आलंय शौर्य. ज्याला एकेक पाऊल टाकताना जुनं काहीतरी मागे खेचतंय, त्यानं बूट घालूनच पाण्यात शिरणं ही वेगळीच गोष्ट आहे. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसणाऱ्या पोरांकडेही मी तेव्हापासून जरा थांबून बघते. डोकं दुखतं म्हणणाऱ्या पोराला कधीकधी मी विचारते, बाळा, घरी सगळं ठीक ना. एखादं पोर सांगतं.

अंदमानहून आल्यावर आठवडाभरानं, पाण्याचा कॅन घेऊन जिना चढताना, दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलेला निलेश म्हणाला, “मला शिकवशील?”

“काय?”

“पोहायला.”

भातसेची मला खडा न् खडा माहिती. कुठं तळ दिसतो, कुठं डोह फसवतो, धरणातून पाणी सोडलं की काठ कसा चढतो. सुट्टीतली माणसं येऊन दंगा करतात त्या जागेपासून बरंच वर, जांभळाच्या झाडाखाली एक उथळ, शांत पाट आहे. एप्रिलचे सगळे रविवार आम्ही तिथं गेलो. पहिल्या रविवारी तो घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहिला, बस्स. अर्धा तास. मी बाजूला उभी होते, कसलीच घाई केली नाही. दुसऱ्या रविवारी तो पाण्यात बसला. तिसऱ्या रविवारी मी त्याच्या पाठीखाली हात धरला आणि तो आडवा झाला. डोळे गच्च मिटलेले, मान लाकडासारखी.

“आकाशाकडे बघ,” मी म्हटलं.

“पडेन.”

“कुठं पडशील? खाली पाणीच आहे.”

त्याला हसू आलं, हसण्यानं अंग सैल पडलं, आणि माझ्या तळहातावरचं त्याचं ओझं हळूहळू हलकं झालं. लग्नात हजार लोकांसमोर हात धरला होता त्याचा, पण हा माणूस आपल्या हाती आलाय असं मला त्या दिवशी वाटलं.

आईंना आम्ही सांगत होतो, माहेरी जाऊन येतो. ते खोटंही नव्हतं. पण दिव्याच्या घरात ओले कपडे लपत नाहीत. ज्या घरात पाणी तांब्यानं मोजतात तिथं नळाचा दिवस नसताना दोरीवर टॉवेल ओला दिसला की तो बोलतोच. एका सकाळी निलेश कामावर गेलेला, मी निघायच्या तयारीत. आईंनी टॉवेलाचं टोक बोटांत चुरगळून बघितलं. नदीची वाळू निघाली.

“सुजाता, पाण्यात कोण जाता?”

मला खोटं बोलता आलं नाही. मी पर्स खाली ठेवली आणि सांगितलं. नील बेट, बूट, हाका, पायरीवरचं बोलणं, सगळं. तुम्हाला त्याची लाज वाटते म्हणून तुम्ही ताप सांगता असं त्याला वाटतं, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर मला भीती वाटली. सूनबाई चार महिन्यांची, आणि एवढ्या जुन्या गोष्टीत हात घातलेला.

आई खाली बसल्या. भिंतीला पाठ टेकली. बराच वेळ त्या टॉवेलाची घडी घालत होत्या, मोडत होत्या. इतकी वर्षं दिव्यात राहून त्या एखादा शब्द सोडला तर इथलीच भाषा बोलायच्या, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून सगळी गावचीच बोली आली.

“लाज?” त्या म्हणाल्या. “पोर माझा कपडे धरून बसलेला. पोलीस इचारतत, शेजारी इचारतत, तू काय करत होतंस रे, बोंब कित्याक नाय मारलंस. तेच्या तोंडातसून शब्द येत नाय. एक गेलेलो. दुसऱ्याक इचारून इचारून मारतीत असा वाटला माका. म्हणान ताप सांगितलंय. तापाक कोण काय इचारीत नाय.”

“त्याला हे कधी सांगितलं नाहीत?”

“तो काय बोलाक नाय, मी काय बोलाक नाय. ऱ्हवला.”

तीस वर्षांच्या माणसाला त्याच्या आईनं त्या संध्याकाळी हे सांगितलं. मी मुद्दाम खाली भाजी आणायला गेले आणि फार सावकाश परत आले. मी आत आले तेव्हा निलेश आईंच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा पडलेला, आणि त्या त्याच्या केसांतून बोटं फिरवत होत्या. मी भाजी निवडायला घेतली. त्या रात्री जेवताना महेशच्या गोष्टी निघाल्या. त्याला भेंडी आवडायची नाही. तो गणितात पक्का होता. त्याच्या सातवीच्या परीक्षेचा निकाल आईंनी शाळेतून आणून ठेवला होता. पास झाला होता.

पुढच्या रविवारी आई आमच्यासोबत खडवलीला आल्या. मी आग्रह केला नव्हता, आपणहूनच सकाळी साडी बदलून तयार बसल्या होत्या. जांभळाखाली मी त्यांना चटई घालून दिली. त्यांनी पाण्याकडे आधी पाठ केली होती. निलेश पाण्यात शिरला तसा त्यांनी माझा दंड धरला, इतका घट्ट की दोन दिवस वळ होते.

मी पाण्यात उतरले नाही. त्या दिवशी माझी जागा काठावर होती.

निलेश आधी पाठीवर तरंगला. मग उपडा झाला आणि हातपाय मारत, पाणी उडवत, अजिबात देखणं नाही असं पोहत, समोरच्या मोठ्या खडकापर्यंत गेला. पंधरा-वीस हात अंतर असेल. मधे एकदा त्याचं डोकं पाण्याखाली गेलं. डोकं वर आलं. खडकाला हात लागला, तो वर चढून बसला आणि आमच्याकडे बघून त्यानं केसांतलं पाणी झटकलं.

आई उठल्या. चटईवरून उतरून पाण्याच्या कडेशी गेल्या. साडीचा काठ भिजला तरी त्यांनी तो उचलला नाही. हाक मारायच्या आधी त्यांनी दोनदा घसा साफ केला.

“निल्या,” त्या म्हणाल्या, “पुरे झाला आता. ये भायेर.”

आणि तो आला.